गाडी मागून बसते, स्प्रिंग बदलले तरी पुन्हा बसते: भरलेल्या फोर-व्हील-ड्राइव्हचं वजन कसं तपासायचं

लक्षणं

रात्री तुमचे दिवे लो-बीमवर असूनही समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारत राहतात. गाडीचं नाक वर उचललं गेल्याची ही बहुतेक पहिली खूण. मग स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. खड्डा किंवा कोरड्या ओढ्याचा उतार आला की मागून ‘धप्प’ असा जड आवाज येतो. घाटउतारावर ब्रेक नेहमीपेक्षा जोरात आणि लवकर दाबावा लागतो. दोनशे किलोमीटर झाल्यावर हात लावून पाहिलं तर मागचे टायर पुढच्यांपेक्षा बरेच गरम असतात. मागे कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) असेल, तर शेजारून मोठा ट्रक गेला की ती डुलायला लागते.

टॉर्च घेऊन मागच्या चाकाजवळ वाका आणि एक्सलच्या वर बघा. चासीला एक रबरी ठोकळा लावलेला असतो, त्याला बम्पस्टॉप म्हणतात. त्यावर सगळीकडे सारखी लाल धूळ बसलेली असेल तर ठीक. पण टोकाशी धूळ पुसली जाऊन रबर काळं, चकचकीत झालं असेल आणि खाली एक्सलवरच्या पत्र्यावर तेवढ्याच मापाचा ठसा उमटला असेल, तर स्प्रिंगचा प्रवास संपून एक्सल चासीवर आपटतो आहे. मी गाडी लिफ्टवर घेतली की आधी हेच बघतो, कारण मालकाने काहीही सांगितलं तरी हा ठसा खरं ते दाखवतो.

ऑस्ट्रेलियात फोर-व्हील-ड्राइव्हच्या सस्पेन्शनचं काम करताना माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार हीच. नवे जाड स्प्रिंग टाकून घेतले, गाडी ताठ उभी राहिली, आणि काही काळाने तीच गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली. स्प्रिंग बदलल्याने मागची बाजू वर येते. गाडीचं वजन एक किलोनेही कमी होत नाही आणि कायद्याची मर्यादा एक किलोनेही वाढत नाही. म्हणून जिला यातलं एकही लक्षण नाही अशी गाडीसुद्धा मर्यादेबाहेर असू शकते. पोलिसांचा किंवा वाहतूक खात्याचा काटा गाडीची ऐट बघत नाही, आकडा बघतो. आणि जबाबदारी चालवणाऱ्याची असते. स्प्रिंग बसवणारा किंवा कॅरॅव्हॅन विकणारा तिथे उत्तर द्यायला येत नाही.

आता तपासण्या, फुकटच्या आधी आणि महागड्या शेवटी. क्रम मोडू नका. वरची पायरी गाळून खालच्या पायरीवर हजारो डॉलर घातलेले लोक मला नेहमी भेटतात.

१. प्लेट वाचा (खर्च शून्य)

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची प्लेट असते, आणि दारापाशीच टायरचं स्टिकर. त्यातला पहिला आकडा जीव्हीएम. रस्त्यावर उभ्या असलेल्या भरलेल्या गाडीचं, माणसं, इंधन, सामान आणि टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर) येणारा भार धरून, हे कमाल वजन. दुसरा जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल. मग मॅन्युअल उघडा आणि चार आकडे शोधून कागदावर लिहा: पुढच्या एक्सलची मर्यादा, मागच्या एक्सलची मर्यादा, छतावरचा भार आणि टो-बॉलवरचा भार. तो बॉल ज्यावर बसतो त्या टो-बारलाही स्वतःची प्लेट असते. गाडीच्या आणि टो-बारच्या आकड्यांपैकी जो कमी असेल तो पाळायचा.

विक्रेता मात्र तुम्हाला ओढण्याची क्षमता सांगतो. ‘साडेतीन टन ओढते’ हे खरं असतं, पण त्या वेळी गाडीत किती भरता येईल हे जाहिरातीत नसतं. समजा जीसीएम ६,००० आहे आणि मागे ३,५०० किलोची कॅरॅव्हॅन आहे. मग गाडीच्या वाट्याला उरले २,५००. रिकामी गाडीच २,२०० ची असेल, तर माणसं, बुलबार (नाकावरचा जड संरक्षक दांडा), फ्रिज, कपडे सगळं मिळून ३०० किलोंत बसवायचं. हा हिशेब गाडी घेण्याआधी करायचा असतो.

आता एक खरी गाडी घेऊ. मराठी कुटुंबांत लोकप्रिय असलेली टोयोटा प्राडो, १५० सिरीज, डिझेल ऑटोमॅटिक. जीव्हीएम २,९९० किलो. पूर्ण टाकी धरून रिकामी गाडी साधारण २,३२५. म्हणजे भरायला सुमारे ६६५ किलो. ऐकायला भरपूर वाटतं. बुलबार ६०, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) ३०, छतावरचा रॅक ३०, छतावरचा तंबू ६५, मागचे ड्रॉवर ७०, भरलेला फ्रिज ४०, जादा बॅटरी ३०. इथेच ३२५ गेले. दोन मोठी माणसं आणि दोन वयात आलेली मुलं मिळून २७०. उरले ७०. चाळीस लिटर पाणी आणि तीस किलो खाणं घेतलं की शून्य. अजून कपडे, खुर्च्या, गॅस, हत्यारं, चिखलातून गाडी काढायचं सामान यातलं काहीच चढलेलं नाही, आणि टो-बॉलवर काहीच लावलेलं नाही.

२. गाडी पूर्ण रिकामी करा (खर्च एक दुपार)

बाथरूममधला साधा वजनकाटा घ्या. गाडीतली प्रत्येक वस्तू ताडपत्रीवर काढा आणि तोलून लिहा. जड वस्तू उचलून काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. ड्रॉवरमधली हत्यारं सुटी-सुटी काढा, कारण लपून बसलेलं वजन तिथेच सापडतं. पाने, सॉकेट, हायलिफ्ट जॅक, लोखंडी शॅकल, दोन-दोन टो-स्ट्रॅप. मागच्या प्रवासात ‘असू दे’ म्हणून टाकलेलं आणि परत कधी न काढलेलं सामानही तिथेच निघतं. दोष पुन्हापुन्हा परत येण्याचं मोठं कारण हेच. वजन एकदम चढत नाही. प्रत्येक प्रवासात थोडं वर जातं आणि खाली उतरत नाही.

आपल्या लोकांच्या गाड्यांत स्वयंपाकाचं वजन वेगळं मोजावं लागतं. दोन कुकर, बिडाचा तवा, लोखंडी कढई, दहा किलो तांदूळ, दहा किलो कणीक, डाळी, लोणच्याच्या काचेच्या बरण्या. बाहेरच्या प्रवासात घरचं जेवण हवं ही इच्छा अगदी योग्य आहे. पण एक कुकर आणि एक हलका तवा पुरतो. तांदूळ-कणीक पोर्ट ऑगस्टा किंवा अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या सुपरमार्केटमध्ये मिळते. आठवड्याचं घ्या, महिन्याचं नको. आणि व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात जाताना यांबाच्या क्वारंटाइन नाक्यावर फळं-भाज्या नाहीतरी टाकूनच द्याव्या लागतात.

पुण्याहून आई-बाबा आले आणि तिसऱ्या रांगेतल्या सीट उघडल्या की यादी नव्याने करायची. त्या सीट बरोबर मागच्या एक्सलच्या आसपास असतात. दोन माणसं तिथे बसली तर त्यांच्या मागे मोठ्या बॅगा भरायच्या नाहीत. आई-बाबांना ऐसपैस बसू द्या आणि तंबू घरी ठेवून मोटेलमध्ये राहा.

३. पाणी आणि इंधन टप्प्याप्रमाणे घ्या (खर्च शून्य)

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एक लिटर डिझेल सुमारे ८४० ग्रॅम. भरलेले दोन जेरी कॅन मागच्या दारावर लटकवले की डबे धरून चाळीस किलोंहून जास्त वजन एक्सलच्या मागे, सर्वांत वाईट जागी गेलं.

बर्ड्सव्हिल ट्रॅक हा वाळवंटी भागातला कच्चा रस्ता ५१७ किलोमीटरचा आहे आणि वाटेत मंगेरानीला डिझेल मिळतं. प्राडोची टाकी १५० लिटरची. शंभराला पंधरा लिटर खाल्लं तरी ती हजार किलोमीटर जाते. अशा रस्त्यावर जेरी कॅन नेणं म्हणजे उगीच वजन ओढणं. उडनाडॅटा ट्रॅकवर विल्यम क्रीक आणि उडनाडॅटा इथे पंप आहेत. सिम्प्सन वाळवंट ओलांडायचं असेल तर हिशेब पार वेगळा. तिथे इंधन आणि पाणी पुरेपूर हवं, म्हणून तिथे छतावरचा तंबू नको आणि चौथं माणूस नको. पाण्यात मात्र काटकसर सुरक्षेच्या खाली जाऊ देऊ नका. सामान कमी करा, पाणी ठेवा.

४. काट्यावर न्या (खर्च थोडा, पण सगळ्यात मोलाची पायरी)

सांगली-कोल्हापूरकडच्या कोणालाही हे समजावायला नको. कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॉलीचा भरलेला काटा होतो, मग रिकामा काटा, आणि फरकावर पैसे मिळतात. इथेही सार्वजनिक वे-ब्रिज असतात. बांधकामाचं साहित्य विकणाऱ्यांकडे, कचरा डेपोवर, धान्याच्या गोदामांपाशी. पावती बघून घ्या, तिच्यावर तारीख आणि गाडीचा नंबर हवा. फिरते वजनवालेही आहेत. ते चाकाखाली ठेवायचे पॅड घेऊन घरी येतात आणि चारही चाकांचं वेगळं वजन देतात. ते महाग पडतं, पण डाव्या-उजव्या बाजूतला फरक फक्त त्यातच कळतो.

पूर्ण भरलेली गाडी, पूर्ण टाकी, सगळी माणसं आत. आधी फक्त पुढची चाकं पाट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा एक्सल मिळाला. पाटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर एक्सलचा आकडा फसवतो. कॅरॅव्हॅन असेल तर जोडलेल्या अवस्थेत गाडीची चारही चाकं पाट्यावर आणि कॅरॅव्हॅनची चाकं बाहेर, हा तुमचा खरा जीव्हीएमचा आकडा. मग फक्त कॅरॅव्हॅनची चाकं. शेवटी परवानगी असेल तर कॅरॅव्हॅन सोडवून एकटी. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो-बॉलवरचा भार.

आता कागदावरच्या मर्यादा आणि काट्याचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. माझ्या अनुभवात जीव्हीएमच्या आधी मागचा एक्सल मर्यादा ओलांडतो. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, तसंच इथे होतं. टो-बॉल मागच्या एक्सलच्या साधारण सव्वा मीटर मागे असतो आणि प्राडोचा व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर, २.७९ मीटर आहे. बॉलवर २०० किलो ठेवले की मागच्या एक्सलवर सुमारे २९० किलो वाढतात आणि पुढच्यावरून ९० कमी होतात. एकूण वजन मर्यादेत असतानाही मागचा एक्सल बाहेर आणि स्टिअरिंग हलकं, हे असं घडतं. म्हणून ‘एकूण बरोबर आहे’ एवढ्यावर थांबू नका.

५. जागा बदला, मग टायर बघा

एकूण आकडा बरोबर आणि फक्त मागचा एक्सल जड असेल, तर वजन काढायच्या आधी हलवून बघा. पाण्याची पिशवी मागच्या सीटच्या पायापाशी, हत्यारं सीटच्या पाठीला टेकून, जड वस्तू खाली आणि पुढे. मागे फक्त अंथरूण, कपडे, हलकं सामान. छतावरचा आकडा मोजताना रॅकचं स्वतःचं वजनही धरा. रॅकवाल्या कंपन्या कच्च्या रस्त्यासाठी वेगळी, कमी मर्यादा देतात. ती वाचा.

टायरच्या कडेवर लोड इंडेक्स असतो. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, १२१ म्हणजे १,४५०. भारी टायर घातल्याने गाडीची मर्यादा वाढत नाही, उलट प्रत्येक टायर काही किलो जास्त जड असतो. हवेचा दाब मात्र भाराप्रमाणे हवा. भरलेल्या गाडीत कमी हवा ठेवून डांबरी रस्त्यावर शंभरने जाणं हा टायर फुटायचा सरळ मार्ग आहे.

६. कॅरॅव्हॅनचा भार

टो-बॉलवर कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार असावा, हा इथला रूढ अंदाज. भार जास्त आहे म्हणून कॅरॅव्हॅनमधलं सगळं सामान तिच्या मागच्या टोकाला ढकललं, तर बॉल हलका होतो आणि कॅरॅव्हॅन डुलायला लागते. हे मुळीच करू नका. जड सामान कॅरॅव्हॅनच्या एक्सलच्या वर ठेवा. पाण्याच्या टाक्या कुठे आहेत ते बघा, कारण पुढची टाकी भरली की बॉलचा आकडा लगेच चढतो. वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचमुळे काही भार पुढच्या एक्सलकडे परत जातो आणि गाडी सरळ होते. पण जास्तीचं वजन कायदेशीर करायचा तो उपाय नाही, आणि काही गाड्यांच्या कंपन्या तो वापरूच नका म्हणतात. मॅन्युअल बघा.

७. जड जोडण्या हलक्या करा (आता पैसे लागायला लागतात)

इथे सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काढून टाकणं. ड्रॉवर काढून प्लॅस्टिकचे डबे ठेवले की पन्नासेक किलो सहज वाचतात. छतावरचा तंबू काढून जमिनीवरचा घेतला तर तेवढेच, आणि तेही वरून, जिथून काढणं गाडीला सर्वांत मानवतं. शंभर अँपिअर-तासाची जुन्या पद्धतीची बॅटरी तीसेक किलोची असते. लिथियमची निम्म्याहून कमी. विंचचा पोलादी दोर काढून सिंथेटिक दोर घातला की नाकावरचं वजन उतरतं. एक स्पेअर पुरत असेल तर दुसरा घरी. काही वेळा मला विचारतात की मागचं वजन सांभाळायला पुढे विंच लावू का. नको. त्याने पुढचा एक्सल भरतो आणि एकूण आकडा वाढतो.

८. स्प्रिंग आणि एअरबॅग

इथपर्यंत सगळं केलं, आकडे मर्यादेत आले आणि तरीही गाडी मागून बसलेली असेल, तर स्प्रिंग खरोखर थकलेले आहेत. आता बदला, पण काट्याची पावती दाखवून, तुमच्या खऱ्या भाराप्रमाणे. नेहमी रिकामी फिरणाऱ्या गाडीला चारशे किलो जादा भारासाठीचा स्प्रिंग घातला तर ती दगडासारखी उडते.

एअरबॅगबद्दल, म्हणजे स्प्रिंगच्या मदतीला लावतात त्या हवेच्या पिशव्यांबद्दल, स्पष्ट सांगतो. त्या जीव्हीएम वाढवत नाहीत. कॉइलच्या आतल्या छोट्या बॅगा योग्य दाबात, मर्यादेतल्या भारावर चालतात. पाट्याचे स्प्रिंग असलेल्या डबल-कॅब यूटमध्ये (मागे उघडा ट्रे असलेल्या पिकअपमध्ये) मात्र पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार बॅग चासीच्या एका जागी आणते. मागे कॅरॅव्हॅन, ट्रेमध्ये सामान आणि बॅगेत भरपूर हवा असेल, तर कच्च्या रस्त्यावरच्या दणक्यांनी चासी कॅबच्या मागे वाकते. मी अशा वाकलेल्या चासी पाहिल्या आहेत. कॅब आणि ट्रेमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसायला लागते. ती फट महिन्यातून एकदा बघा.

९. जीव्हीएम वाढवणं, आणि कुठे थांबायचं

सामान काढलं, जागा बदलली, जोडण्या हलक्या केल्या आणि तरी कुटुंबाची खरी गरज मर्यादेबाहेर जाते, तेव्हाच जीव्हीएम अपग्रेडचा विचार करा. खर्च हजारांत जातो. मंजूर किट, त्याच्या सोबतचे ठरलेले टायर-रिम, आणि शेवटी मॉडिफिकेशन प्लेट. ती प्लेट लागेपर्यंत मर्यादा जुनीच. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीआधी करून घेणं सोपं. नंतर करायचं तर राज्याने मान्यता दिलेला इंजिनिअर लागतो. व्हिक्टोरियात तो व्हीएएसएस या राज्याच्या मान्यता-योजनेतला हवा, न्यू साउथ वेल्समध्ये व्हीएससीसीएस या योजनेतला. दुसऱ्या राज्यात राहायला जाणार असाल तर तिथे हे प्रमाणपत्र चालेल का ते आधी विचारा. अपग्रेडने जीसीएम किंवा ओढण्याची क्षमता आपोआप वाढत नाही, म्हणून तेही आकडे लेखी घ्या. मागच्या एक्सलचा नवा आकडाही लेखी घ्या, नुसता एकूण नको. विमा कंपनीला बदल कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

हे काम घरी करायचं नाही. पुढची चिन्हं दिसली तरी स्वतः काही न करता थांबा आणि माणूस बोलवा: चासीवर किंवा शॉकच्या माउंटजवळ केसासारखी बारीक चीर, तुटलेला चाकाचा स्टड, हात लावता येणार नाही इतका तापलेला हब, उतारावर खाली जाणारं ब्रेक पेडल, टो-बारच्या वेल्डिंगवर गंजाची ताजी रेघ. चिरेवर जागीच वेल्डिंग मारून देणारा कोणी भेटेल, पण चासीच्या पोलादाला चुकीची उष्णता लागली तर चीर शेजारी नव्याने सुरू होते. गावाबाहेर असाल तर कॅरॅव्हॅन सोडवा, सामान उतरवा आणि गाडी टो-ट्रकवर चढवून न्या.

काट्याची पावती, वस्तूंची यादी आणि अपग्रेडचं प्रमाणपत्र एका पाकिटात घालून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. नवी जोडणी बसवली की किंवा माणसं वाढली की यादीत भर घाला आणि पुन्हा काट्यावर जा.